काही करण्याची गरज नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. मागच्या वर्षी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले, पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यापाशी पोचले, हात जोडले — आणि तिथेही दुसरंच काहीतरी बोलून परत आले. देवासमोरही विषय बदलता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग तुम्हाला का सांगते आहे? नीटसं सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित हे कुठेतरी एकदा तरी अख्ख्या वाक्यांत मांडलं गेलं पाहिजे म्हणून. वाक्यं लिहिणं हाच तर माझा धंदा. त्यातलंच एक —

थांबा. आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी नेरची. लग्नानंतरही नेरलाच राहिले, कारण नवरा इथल्या शाळेत शिक्षक. मी एका कंपनीसाठी घरून काम करते — करत होते म्हणायला पाहिजे का? नाही, अजूनही करते. हेही लपवायला नको. कंपनीचं ऑफिस बंगळूरला, माझं ऑफिस म्हणजे मागच्या खोलीतलं टेबल आणि खिडकीतून दिसणारी शेजाऱ्यांची तुरीची पेंढी. कंपनीचा व्यवहार क्रिप्टोचा. म्हणजे डिजिटल नाणी. एका जातीचं नाणं घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात ग्राहकाला दुसऱ्या जातीचं द्यायचं, मधलं थोडं आपण ठेवायचं. अशा प्रत्येक अदलाबदलीला ते ऑर्डर म्हणतात. ऑर्डरला नंबर असतो. आणि ग्राहक दिवसभर एकच प्रश्न विचारत असतात — माझी ऑर्डर कुठवर आली?

आधी याचं उत्तर माणसं द्यायची. मग माणसं काढली आणि एआय एजंट आणला. तो कुठल्याही भाषेत बोलतो, कधी चिडत नाही. पण त्याला स्वतःला काहीच माहीत नसतं. त्याच्या हाताशी एक टूल असतं : ऑर्डरचा नंबर द्यायचा, टूल एक शब्द परत देतं. फक्त एक शब्द. त्या शब्दाचा अर्थ काय, तो ग्राहकाला कसा सांगायचा, ग्राहकाने पुढे काय करायचं — हे एजंट एका कागदावरून वाचतो. कागद कसला, फाइल. ती फाइल मी लिहायची. हेच माझं काम.

म्हणजे बघा, माझं लिखाण माणसं वाचतच नव्हती. आणि खरं सांगू, मला ते फार आवडायचं. मी आधी संगणकाचा क्लास घेत असे. पोरं अर्धं ऐकायची, अर्धं खिडकीबाहेर. हा नवा वाचक असा, की मी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा धरून चालायचा. मी लिहिलं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर तो हजार लोकांना नम्रपणे तेच सांगेल. मला याचा अभिमान वाटायचा. भीती वाटायला हवी होती का? तेव्हा वाटली नाही.

टूल जे शब्द परत द्यायचं, त्यातले बहुतेक साधे होते. पैसे आले, तपासतोय, बदलतोय, पाठवले, संपलं. एक शब्द मात्र वेगळा होता. 'होल्ड'. म्हणजे कंपनीच्या तपासणीत काहीतरी खटकलं आणि ऑर्डर अडवून ठेवली. अशा वेळी ग्राहकाने सात दिवसांत स्वतःचं ओळखपत्र आणि पैसे कुठून आले त्याचा पुरावा एका पत्त्यावर पाठवायचा. पाठवला तर ऑर्डर सुटते. नाही पाठवला तर आठव्या दिवशी बंद होते, आणि बंद ऑर्डरमधलं परत देण्याची जबाबदारी कंपनीवर नाही — असं अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ते अक्षर मी वाचलं होतं. मला सगळं माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते.

मी पहिल्यांदा लिहिलं ते बरोबर लिहिलं होतं. 'ऑर्डर अडवली आहे. ग्राहकाला लगेच सांगा की सात दिवसांत कागदपत्रं पाठवावीत, नाहीतर ऑर्डर बंद होईल.' इंग्रजीत, अर्थातच. छान, स्वच्छ वाक्य होतं.

दोन आठवड्यांनी आमच्या टीम लीडचा फोन आला. सकाळची वेळ, मी कणीक मळत होते, हात धुऊन फोन घेतला. माणूस वाईट नाही. कधी आवाज चढवत नाही. म्हणाले, या होल्डच्या वाक्याने ग्राहक घाबरतात, मेलवर मेल येतात, उत्तरं द्यायला माणसं नाहीत. हे जरा मऊ करता येईल का? बहुतेक होल्ड तर आपोआपच सुटतात ना?

काही सुटायच्या, हे खरं होतं. बहुतेक नाही.

मी म्हटलं, करते सर. पाच मिनिटांत केलं. 'ऑर्डर प्रक्रियेत आहे. ग्राहकाने काही करण्याची गरज नाही.' त्यांनी वाचलं आणि विचारलं — आणि हे त्यांचं विचारणं मी आजपर्यंत विसरलेले नाही, कारण तिथे दार उघडं होतं — त्यांनी विचारलं, "हे चुकीचं तर नाही ना?"

मी म्हणाले, "नाही सर. चुकीचं नाही."

माझी नोकरी कायम व्हायला महिना उरला होता. नेरसारख्या गावात बसून असा पगार दुसरं कोण देणार होतं? पण हे मी का सांगते आहे — ते कारण होतं म्हणून. ते काही माफीचं पत्र नव्हे. त्यांनी मला धमकावलं नव्हतं. हुकूमही दिला नव्हता. त्यांनी विचारलं आणि मी खोटं बोलले, कणकेचे हात नीट धुतलेसुद्धा नव्हते.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. नोकरीत असं खोटं कितीतरी लोक बोलतात आणि सुखाने झोपतात. मीही झोपत होते.

आता ज्योतीबद्दल सांगायला पाहिजे. मी ते पुढे ढकलते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

लग्नाआधी दोन वर्षं मी फुलसावंगीला मामाकडे राहून संगणकाचा क्लास घेत होते. गावाबाहेरच्या तांड्यावरून एक मुलगी यायची, ज्योती राठोड. बारावी झालेली. पावसाळ्यात चपला हातात घेऊन चिखल तुडवत यायची आणि क्लासच्या ओट्यावर पाय धुऊन मगच आत शिरायची. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, क्लासात इंग्रजी अक्षरं. तिन्ही भाषा तिच्या जिभेवर एकमेकींना धक्का न लावता राहायच्या. टायपिंगमध्ये तिच्या जवळपास कोणी नव्हतं. मी तिला एकदा म्हटलं होतं, तुझा हात फार चांगला आहे. ती लाजली आणि म्हणाली, "हात तर याडीचा हाय मॅडम, भरतकामाचा. मी नुसती बटनं दाबतो." याडी म्हणजे तिची आई.

लग्न तांड्यातच झालं, नवरा ट्रॅक्टर चालवायचा. ती फोन करत राहिली — दिवाळीला, संक्रांतीला, मुलगी झाली तेव्हा. मग एकदा फोन आला तो वेगळाच. तांड्यातल्या आठ बायकांना घेऊन तिने भरतकामाचं काम सुरू केलं होतं. लाल-निळ्या कापडावर आरसे, कवड्या, तो बारीक टाका. पिशव्या, तोरणं, भिंतीवर लावायचे पट्टे. फोटो काढून इंटरनेटवर टाकायची. आणि परदेशातल्या एका दुकानवालीने मोठी मागणी दिली होती. आठ बायका पाच महिने बसल्या. सोयाबीन निघालं तेव्हा बसल्या, कापूस वेचून आल्यावर बसल्या. माल गेला, पोचला, दुकानवालीला आवडला. पण ती पैसे देणार होती ते क्रिप्टोत, आणि तेही अशा एका नाण्यात, जे इकडे कोणी हातात धरत नाही. पुसदला एक मोबाइलवाला रुपये करून द्यायला तयार होता, पण म्हणाला, आधी चालणाऱ्या नाण्यात बदलून आण.

ज्योतीने मला विचारलं, कसं बदलू?

मी तिला आमच्या कंपनीचं नाव सांगितलं. किती फुशारकीने सांगितलं! आमच्याच कंपनीचं आहे, त्यातलं अर्धं लिखाण माझं आहे, तू बिनधास्त कर. फोनवर एकेक पायरी सांगत गेले आणि ती करत गेली. तिने एकही बटण चुकीचं दाबलं नाही. हे वाक्य लक्षात असू द्या.

पैसे दोन दिवसांत यायला हवे होते. दोन दिवसांनी तिचा फोन आला नाही. आला तो पाचव्या दिवशी. दुपार होती, नवरा शाळेत, मी एकटी. तिने आधी तब्येत विचारली, मुलांचं विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, पैसे अजून आले नाई. मी त्या मशीनले रोज इचारून राह्यली. थे म्हन्ते का ऑर्डर प्रक्रियेत हाय, तुमाले काई कराची गरज नाई. मराठीत सांगते, लय चांगलं बोलते. पन बाया इचारून राह्यल्या. मंग थांबू काय?"

मला ते वाक्य ऐकू आलं. माझंच. मी इंग्रजीत लिहिलेलं, यंत्राने मराठीत केलेलं, तिने वऱ्हाडीत सांगितलेलं — तीन उंबरे ओलांडून ते फिरून माझ्या कानात आलं होतं.

मी म्हटलं, नंबर दे. तिने दिला. ती फोनवर असतानाच मी टूलमध्ये नंबर टाकला. होल्ड. मग कंपनीच्या नोंदीत पाहिलं. अडवल्याला पाच दिवस झालेले. दोन दिवस उरले होते. समोर पडद्यावर होते ते दोन दिवस, मी डोळ्यांनी पाहत होते.

काय करायला हवं होतं? काहीच अवघड नव्हतं. आधारकार्डाचा फोटो काढ, दुकानवालीची मागणीची चिठ्ठी आहे तिचा फोटो काढ, या पत्त्यावर पाठव. दहा मिनिटांचं काम. तिला तर पाच मिनिटं पुरली असती.

पण तसं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं ना — मग मशीन असं काहून म्हणते? आणि मी काय सांगणार होते? ते मी लिहिलंय म्हणून? ज्योतीला, जी मला अजून मॅडम म्हणत होती, जिने तांड्यात सगळ्यांना सांगितलं होतं की त्या मशीनला आमच्या मॅडमने शिकवलंय? खोटी कारणं तरी होती माझ्याकडे. 'मशीन कधी कधी चुकतं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तेही सुचलं नाही. की सुचलं होतं आणि नको वाटलं? मी पुष्कळदा त्या दुपारी परत जाऊन पाहते आणि मला वाटतं — सुचलं होतं. पण मशीन चुकलं म्हणायचं म्हणजे माझं लिखाण चुकलं म्हणायचं, आणि ते मला त्या क्षणी नको होतं. आठ बायकांच्या पाच महिन्यांपेक्षा मला माझं एक वाक्य खरं राहायला हवं होतं.

मी म्हणाले, "हो, थांब. ते सांगतंय ते बरोबर आहे."

"बस्, तुमी म्हनलं ना, मंग झालं," ती म्हणाली. आवाजातला ताण कसा उतरला, ते मला ऐकू आलं.

त्यानंतर दोन दिवस होते. दोन अख्खे दिवस. मी दोनदा फोन हातात घेतला. पहिल्यांदा दूधवाला आला. दुसऱ्यांदा कोणीच आलं नाही — मी नुसताच ठेवून दिला. मनात म्हटलं, सुटेल आपोआप, काही सुटतात की. टीम लीडना एक ओळ लिहिली असती, ही माझ्या ओळखीची ग्राहक आहे, जरा बघा — तर त्यांनी पाहिलंही असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं की तिने कागद का पाठवले नाहीत, आणि ते त्या वाक्यापाशी येऊन पोचले असते. त्या वाक्यावर माझं नाव होतं. मी लिहिलंच नाही.

आठव्या दिवशी नंबर टाकला. ऑर्डर बंद.

पुढे जे झालं ते सगळं मला एकदम कळलं नाही, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मशीन ज्योतीला आता 'ऑर्डर बंद' एवढंच सांगायचं, का ते नाही. बायका रोज विचारायच्या, मग ज्योतीच्या दारात येऊन बसायला लागल्या. दुकानवालीने पैसे दिल्याची पावती पाठवली, तेव्हा तर उलटंच झालं. पैसे निघाले होते, म्हणजे ते कोणाच्यातरी हातात गेले होते. ज्योतीच्याच हातात ना? तिच्या सासरच्यांनीच तिला विचारलं, कुठे लपवलेस? ज्यांच्याबरोबर ती पाच महिने एका चटईवर बसली, त्या तिच्या घरचं पाणी पिईनाशा झाल्या. तिने मला फोन करून एकच मागितलं. पैसे मागितले नाहीत. म्हणाली, मॅडम, एकदा येऊन जा आणि माझ्या बाजूनं दोन शब्द सांगा, तुमचं ऐकतील.

मी गेले. हे त्यातलं सगळ्यात वाईट, की मी गेले. गेले नसते तर मी नुसती भित्री ठरले असते.

सेवालाल महाराजांच्या देवळासमोर कडुनिंब आहे, त्याखाली सगळ्या बसल्या होत्या. बायका खाली जमिनीवर, मला प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची पुसून दिली होती. चहा आला, तो फक्त मलाच. ज्योती बाजूला उभी होती. इतकी वाळली होती की पदर खांद्यावर टिकत नव्हता. सगळ्यात वडीलधाऱ्या होत्या सोनाबाई. हातभर कोपरापर्यंत बांगड्या, आणि टाका असा बारीक की कापडाच्या मागच्या बाजूलाही गाठ सापडायची नाही. त्या भांडल्या नाहीत. सरळ विचारलं, "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. आमाले त्या मोबाइलातलं काई समजत नाई. तुमीच सांगा — इनं पैसे खाल्ले, का इच्याकून चुकलं?"

दोनच रस्ते ठेवले होते त्यांनी माझ्यासमोर, आणि दोन्ही खोटे होते. तिसरा मला माहीत होता. तो सांगायला किती शब्द लागले असते? मीच चुकवलं. दोन शब्द. तिने माझ्याकडे मागितले होते तेवढेच.

मी म्हणाले, "पैसे ज्योतीने खाल्ले नाहीत. हे मी देवासमोर सांगते."

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. सोनाबाई म्हणाल्या, "मंग? चुकलं?"

मी कपातल्या चहाकडे पाहिलं. त्यावर साय धरली होती. मी म्हणाले, "नवीन माणसाकडून होतं असं कधी कधी. एखादं बटण इकडचं तिकडे दाबलं जातं. तिने मुद्दाम नाही केलं."

बायकांत कुजबुज झाली, गोरबोलीत, मला पूर्ण कळली नाही. एक-दोघींनी सुस्कारा टाकला. त्यांचा राग पडल्यासारखा झाला. चोरीपेक्षा चूक सोसायला सोपी असेल. आणि ज्योती — ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिला कळलं. हिला तर माहीत आहे, हिने काय काय दाबलं ते. एकेक पायरी मीच सांगितली होती. पण तिच्या नजरेत तसं काही नव्हतं. तिचे डोळे भरले होते, आणि ते कृतज्ञतेने भरले होते. मी तिला चोर म्हणवून घेण्यापासून वाचवलं होतं. आणि मॅडम म्हणतात तर चुकलंच असेल आपलं, हेही तिने तिथेच, उभ्या-उभ्या मान्य करून टाकलं. मला ते होताना दिसलं. एखादा माणूस स्वतःवरचा विश्वास खाली ठेवतो तेव्हा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे.

मला सोडायला ती रस्त्यापर्यंत आली. हातात तोरणाचा एक तुकडा दिला, उरलेल्या कापडाचा. मी घेतला. घरी आणून कपाटात साड्यांखाली ठेवला, अजून तिथेच आहे. दाराला लावायची हिंमत नाही आणि टाकायचीही नाही.

शिलाई मशीन तिने विकून टाकली आणि ते पैसे बायकांत वाटले. कोणी मागितले नव्हते. तिची चूक होती ना. भरतकामाचं काम बंद पडलं. त्यातल्या तिघी-चौघी पुढच्या हंगामात ऊसतोडीला गेल्या. सोनाबाईंना आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात.

आणि ते वाक्य? तेही सांगून टाकते. त्यानंतर चार महिन्यांनी, एका निवांत सकाळी, मी ती फाइल उघडली आणि पहिलं, जुनं वाक्य परत घातलं. सात दिवस, कागदपत्रं, सगळं. फाइलमध्ये बदल केला की कारण लिहावं लागतं. मी लिहिलं : 'शब्दरचना सुधारली.' टीम लीडने दहा मिनिटांत मंजूर केलं आणि खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. कोणी काही विचारलं नाही. मला ओरडायला कोणी नव्हतंच कधी. इतकं सोपं होतं ते, कधीही.

आज कोणी होल्डबद्दल विचारलं तर यंत्र खरं सांगतं. माझं लिखाण चांगलं आहे म्हणतात. मागच्या वर्षी पगारही वाढला. तो मी नाकारला नाही.

तुम्ही म्हणाल, अजून वेळ गेलेली नाही, फोन उचल आणि सांग तिला. मीही म्हणते, रोज म्हणते. काय अडवतं? नोकरी आता कायम आहे. तिने मला कोर्टात खेचण्याची भीती मुळीच नाही. ती मला पाणी आणून देईल आधी, मग ऐकेल. अडवतं ते दुसरंच — तिच्या तोंडचं 'मॅडम' मला अजून हवं आहे. इतकं क्षुल्लक. याहून मोठं काही कारण असतं तर ते सांगताना मला थोडं बरं वाटलं असतं.

या दिवाळीनंतर एका लग्नासाठी उमरखेडला चालले होते. महागावच्या स्टँडवर बस बदलायला उतरले तर समोर ज्योती. नवरा, भांड्यांचं बोचकं, गुंडाळलेली चादर आणि सहा-सात वर्षांची मुलगी. यंदा तीही ऊसतोडीला निघाली होती, टोळीचा ट्रक यायचा होता. मला पाहून किती हसली! पाया पडली, मी अडवेपर्यंत पडलीसुद्धा. मुलीला पुढे ढकलून म्हणाली, ह्या आपल्या मॅडम, मी सांगत असतो ना, ह्यायनं मले शिकवलं. मुलगी माझ्या हातातल्या फोनकडे टक लावून पाहत होती. डोळे आईचे. मी फोन तिच्यापुढे धरला — घे, बघ.

ज्योतीने मुलीचा हात हळूच मागे घेतला.

"नको, मॅडम. मी तिले मोबाइलले हातच लावू देत नाई. आपल्याले थे जमत नाई. आपल्याच्यानं चुकते."

मी म्हणाले, "बरं."